तीन मेसेज

‘मावशी, 15 एप्रिल 2023ला सकाळी सुदानच्या राजधानीत, खार्तूममध्ये गोळीबार सुरू झाला, तेव्हा मी भांडी घासत होते. वाटलं, गच्चीवरच्या टाकीवर काहीतरी पडलं. पुढचे दहा दिवस आम्ही खिडक्या नसलेल्या मधल्या बोळात झोपलो. मग भारतीयांना बाहेर काढणाऱ्या ऑपरेशन कावेरीच्या बसमध्ये जागा मिळाली. पोर्ट सुदान, जेद्दा, मुंबई. निघताना शेजारच्या आजी दारात उभ्या होत्या. माझी मुलगी त्यांना तिथल्या पोरांसारखं हबूबा, म्हणजे आजी, म्हणायची. नवऱ्याने दंड धरला, म्हणाला, मागे बघू नकोस. मी बघितलं नाही. अडीच वर्षं झाली, मी त्याला माफ केलेलं नाही. करू का? मी भित्री आहे का? (गेल्या महिन्यात हबूबांच्या नंबरवरून तीन व्हॉइस मेसेज आले. 48 सेकंद, दोन मिनिटं दहा सेकंद, चार सेकंद. अजून ऐकले नाहीत.)’

अगं, तुझं मूळ पत्र अकरा पानी. नवरा प्रत्येक पानावर आहे. हबूबांचे मेसेज मात्र शेवटी, कंसात. मला त्या कंसाबद्दलच बोलायचंय.

सेकंदसुद्धा पाठ आहेत तुला! म्हणजे रोज उघडून बघतेस आणि फोन पालथा घालतेस.

नवऱ्याचं आधी उरकते. त्याने लेकराला आणि तुला बसमध्ये घातलं, बरोबर केलं. त्या मोहिमेत 3,862 जण बाहेर निघाले. तू दहा वेळा वळून पाहिलं असतंस तरी त्या बसमध्ये हबूबांना जागा नव्हती. हे तुलाही ठाऊक आहे. पण नवऱ्याशी भांडण चालू आहे तोवर फोन उघडावा लागत नाही, नाही का? रागावलीस तर रागाव माझ्यावर.

तिकडे लष्कर आणि आरएसएफ हे निमलष्करी दल एकमेकांवर तुटून पडल्यापासून एक कोटीहून जास्त माणसांना घर सोडावं लागलंय. फेब्रुवारी 2024मध्ये तर देशभर नेट बंद पडलं होतं, आणि कित्येक ठिकाणी लोक उपग्रहावरून नेट देणाऱ्या स्टारलिंकवाल्याला तासाचे पैसे मोजून घरच्यांशी बोलत होते. अशा देशातून एक म्हातारी फोन चार्ज करून, कदाचित नातवाकडून लावून घेऊन, तुझ्याशी तीनदा बोलली. तिच्या स्क्रीनवर माइकची खूण अजून करडीच आहे, म्हणजे तू ऐकलेलं नाहीस. तू एकदा वळून पाहिलं नाहीस म्हणून रडतेस? महिनाभर रोज तेच करते आहेस, आणि आता तर नवऱ्याने दंडही धरलेला नाही.

त्या रागावल्या असतील ही भीती मला खरी वाटत नाही. सातव्या पानावर तू लिहितेस, ‘इथे आमचीच ओढाताण आहे.’ कुणी विचारलं होतं? त्या पैसे मागतील ही धास्ती आहे तुला. मागू देत. द्यायलाच हवेत असं मी म्हणत नाही. जमणार नसेल तर नाही म्हण, पण तोंडाने. किंवा आवाज त्यांचा नसेलच, घरातलं दुसरंच कुणी बोलत असेल. तेही ऐकावं लागेल, बाळ.

आज रात्री, जेवणं उरकली की स्वयंपाकघरात बस. आधी चार सेकंदांचा लाव. चार सेकंदांत ना पैसे मागता येतात, ना शाप देता येतात. फार तर हाक मारता येते. मग उरलेले दोन. अरबी कळलं नाही तर पुन्हा लाव.

उत्तर बोलूनच पाठव. त्यांना वाचता येतं की नाही, हे तुझ्या अकरा पानांत कुठेच नाही. माफीचं भाषण तयार करू नकोस. तव्यावर त्या किसरा घालायच्या आणि शेजारी तू भाकरी थापायचीस, पीठ दोघींचं ज्वारीचंच, असं तू लिहिलंयस. तिथून सुरू कर, मोडक्या अरबीत. मुलगी जागी असेल तर तिलाही जवळ घे. हबूबा हा शब्द तिला अजून येतो, हेही तूच लिहिलंयस.