पाणी चिकटतच नाही, मग धुकं गोळा कसं होणार?

प्रश्न : धुक्यातून पाणी मिळवायला पाणी न धरणारं प्लास्टिक वापरतात असं वाचलं. पण पाणी चिकटणारच नसेल तर जमा कसं होणार? त्यापेक्षा पाणी शोषणारं कापड बरं नाही का? आणि नुसती प्लास्टिकची शीट ताणून बांधली तर?

उत्तर : शंका रास्त आहे, कारण इथे कामं दोन आहेत, थेंब पकडणं आणि पकडलेला थेंब खाली सोडणं, आणि आपण दोन्ही एकच समजतो. धुकं म्हणजे वाफ नाही, ते आधीच पाणी झालेलं असतं, साधारण १ ते ४० मायक्रॉनचे (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) थेंब, त्यामुळे दवासारखं गार पृष्ठभागाची वाट बघायची गरज नाही, वाऱ्याने ते कशावर तरी आपटले की झालं. शीट लावली तर वारा तिला वळसा घालून जातो आणि बारीक थेंबही त्याच्याबरोबर निघून जातात. बारीक धागा असेल तर थेंबाला वळायला वेळच मिळत नाही, म्हणून जाळी.

आता खरी अडचण. पाणी धाग्यांना धरून बसलं की जाळीची भोकं पाण्याच्या पडद्याने बुजतात, मग वारा बाजूने जायला लागतो आणि जाळी शीटसारखीच वागते. कापड तर आधी स्वतः भिजणार, आणि धुकं विरलं की त्यातलं बरंचसं पाणी परत हवेत. पाणी झटकणारं प्लास्टिक इथे कामाला येतं, थेंब जरा मोठा झाला की घसरून खालच्या पन्हाळीत.

थेंब पृष्ठभागाला टेकतो तिथला, थेंबाच्या आतून मोजलेला कोन ९० अंशांच्या वर असेल तर पृष्ठभाग पाणी झटकणारा म्हणतात, १५० च्या वर गेला की कमळाच्या पानासारखा. पण नुसत्या कोनावर भुलू नका, गुलाबाच्या पाकळीवरही थेंब गोल बसतो आणि पाकळी उलटी केली तरी पडत नाही! थेंब किती सहज सुटतो ते बघायचं.

माझं मत विचाराल तर महागड्या कोटिंगच्या मागे आधी लागू नका, धूळ आणि उन्हाने ते झिजतं. चिलीतल्या चुंगुंगो गावाला १९९० च्या दशकात डोंगरावरच्या साध्या पॉलिप्रोपिलीनच्या (एक प्रकारचं प्लास्टिक) जाळ्यांनी पाणी दिलं, जाळी दुहेरी, म्हणजे वाऱ्याने दोन थर एकमेकांवर घासले की अडकलेले थेंब आपोआप सुटतात.