उन्हाळ्यात गुलाबाकडून फुलं मागू नका

ताई, तुमचा प्रश्न थोडक्यात असा: सोलापुरात गच्चीवर गुलाबाच्या कुंड्या, पानं फिकट पडून गळतायत, पानांमागे बारीक जाळी आहे, बुरशीनाशक दोनदा मारूनही फरक नाही, तर आता छाटणी करू का? छाटणी अजिबात नको. बुरशीनाशकही थांबवा. बुरशीचा नेहमीचा रोग म्हणजे काळे ठिपके, पण ते पडायला पान सलग सहा-सात तास ओलं राहावं लागतं, आणि मे महिन्यातल्या सोलापुरात ते शक्य नाही. तुम्ही सांगताय ती लक्षणं लाल कोळीची, म्हणजे पानांचा रस शोषणाऱ्या अगदी बारीक जिवाची आहेत.

खात्री करून घ्या. फिकट पानाखाली पांढरा कागद धरून पानावर दोन टिचक्या मारा. कागदावर पडलेले धुळीसारखे कण थोड्या वेळात चालू लागले आणि बोटाने चिरडल्यावर तांबूस रेघ उमटली, तर कोळीच. कोळी हा कीटक नव्हे, त्याला आठ पाय असतात. म्हणून इमिडाक्लोप्रिडसारखी कीटकनाशकं त्याच्यावर चालत नाहीत, उलट त्याला खाणारे मित्रकीटक मरतात. पाण्याचा जोर मात्र त्याला सोसत नाही. सकाळी लवकर पाइपने पानांची मागची बाजू धुवा, दर दोन-तीन दिवसांनी, निदान दोन आठवडे. अंडी राहतात आणि या उष्ण हवेत नवी पिढी आठवड्याभरात तयार होते, म्हणून एकदा धुऊन भागत नाही. तरीही राहिला तर लिटरभर पाण्यात ५ मिली कडुनिंबाचं तेल आणि साबणाचे चार थेंब, तेही ऊन उतरल्यावर आणि झाडाला आधी पाणी देऊन. गंधक आत्ता नको. पारा पस्तिशीच्या वर असताना गंधकाने पानं करपतात.

पण कोळी जोर धरतो तो तहानलेल्या झाडावर, तेव्हा मला खरी काळजी मुळांची वाटते. तुम्ही रोज पाणी घालता आणि ते लगेच खालून वाहून जातं, असं लिहिलंय. ते मुळांपर्यंत पोचतच नसणार. कोकोपीटचं (नारळाच्या काथ्याच्या भुश्याचं) मिश्रण एकदा कडक वाळलं की आकसून कुंडीच्या कडेपासून सुटतं, आणि पाणी त्या फटीतून सरळ खाली जातं. वरून माती ओली, आत गोळा कोरडा. कुंडी टबभर पाण्यात अर्धा तास बुडवून ठेवा, बुडबुडे थांबले की काढा, फट मातीने भरा. पुढे पाणी दोन हप्त्यांत द्या: थोडं घाला, दहा मिनिटं थांबा, मग भरपूर.

काळ्या प्लॅस्टिकच्या कुंड्या पश्चिमेच्या उन्हात असतील तर मुळं अक्षरशः भाजतात. कुंडी विटांवर उचला, मोठ्या कुंडीत बसवून मधल्या जागेत नारळाच्या शेंड्या भरा. मातीवर उसाच्या पाचटाचा तीन-चार बोटं जाड थर द्या, फक्त खोडाला टेकू देऊ नका. सोलापुरात पाचटाला तोटा नाही. सकाळचं ऊन मिळू द्या, दुपारसाठी ५० टक्के ऊन अडवणारी सावलीची हिरवी जाळी लावा.

खत बंद. युरियाने आत्ता कोवळी फूट आली तर ती उन्हात जळते, शिवाय कोरड्या मातीत खताचा क्षार मुळांना मारतो. छाटणीचंही तेच: कापलं की फूट येते, आणि उघडी पडलेली फांदी उन्हाने शेंड्याकडून काळी पडत खाली वाळते. वाळलेलं लाकूड तेवढं काढा. कळ्याही खुडा. जीव होत नाही हे मला कळतं, पण मे महिन्यातलं फूल नाहीतरी एका दिवसात कोमेजतं, आणि तेवढी ताकद मुळांकडे राहते.

कोवळी पानं पिवळी आणि शिरा हिरव्या दिसल्या, तर तो रोग नव्हे. बोअरच्या जड पाण्याने मातीतलं लोह झाडाला मिळत नाही. कुंडीवर पांढरा थर असेल तर एकदा गोड पाणी भरपूर ओतून क्षार धुऊन काढा.

तुमचं बुरशीनाशक जपून ठेवा, त्याची वेळ जूनच्या पावसानंतर येईल. तेव्हा सावलीची जाळी काढा, गळलेली ठिपक्यांची पानं उचलून कचऱ्यात टाका (पाचटात मिसळू नका) आणि हलकं शेणखत सुरू करा. मोठी छाटणी पाऊस ओसरल्यावर, ऑक्टोबरात.