फॉर्मवरचा एक रकाना

तू आपल्या वृद्धाश्रमात नवीन आहेस, म्हणून आधी एकच काम सांगते. प्रवेशाचा फॉर्म काढ आणि 'पती/पत्नीचे नाव' हा रकाना बघ. माझ्यासमोर एका आजींनी तिथे पेन टेकवलं, थांबल्या आणि 'मैत्रीण' लिहिलं. चाळीस वर्षांचा संसार होता दोघींचा! पुढे त्या आजारी पडल्या तेव्हा 'फक्त नातेवाईक' म्हणत आम्हीच त्या मैत्रिणीला दाराशी थांबवलं. ते अजून सलतं. तिथे 'जोडीदार किंवा सर्वात जवळची व्यक्ती' असं छापून घे, आणि अडीअडचणीला कुणाला कळवायचं हे त्यांनाच विचार.

'तुम्ही समलिंगी आहात का?' असं मात्र तोंडावर विचारू नकोस. जागतिक आरोग्य संघटनेने समलैंगिकता आजारांच्या यादीतून काढली ती १९९० साली. आज पंचाहत्तरीत असलेला माणूस तेव्हा चाळिशीला आला होता. डॉक्टरांपासूनसुद्धा लपायची सवय इतकी मुरलेली असते की जोडीदाराचा फोटो उशीखाली ठेवतात. तो दिसला तर 'छान आहे, कोण हे?' एवढंच म्हण. सांगितलं तर ऐक, आणि त्यांच्या परवानगीशिवाय मुलांनाही सांगू नकोस.

ट्रान्स व्यक्ती, म्हणजे जन्माच्या वेळी नोंदलेल्या लिंगापेक्षा स्वतःची ओळख वेगळी असलेली व्यक्ती असेल तर आंघोळीला मदत कोणाची चालेल हे आधीच विचारून ठेव. कागदावर काहीही असो, हाक त्यांनी सांगितलेल्या नावानेच.

'अशा सगळ्यांचं इथे स्वागत आहे' सांगणारा इंद्रधनुषी स्टिकर नंतर लाव. आधी रात्रपाळीच्या मदतनिसांशी बोल, टिंगल तिथेच होते.