आयनिक लिक्विडवालं ॲडिटिव्ह घातलं तर बोटीच्या इंजिनची झीज खरंच कमी होते का?

होते, टेस्टमध्ये दिसलंय, पण वरून बाटली ओतू नका. आयनिक लिक्विड म्हणजे मीठच, फक्त १०० डिग्रीच्या आतच वितळणारं, आपल्या जेवणातल्या मिठाला वितळायला ८०० डिग्री लागतात. पिस्टनची रिंग आणि सिलिंडरचा लायनर (आतलं अस्तर) जिथे घासतात तिथे उष्णतेने आणि दाबाने त्याचा बारीक थर बसतो, मग लोखंडाऐवजी तो थर झिजतो. हेच काम १९४० च्या दशकापासून झेडडीडीपी, म्हणजे इंजिन ऑईलमधलं जस्तवालं ॲडिटिव्ह, करतंय. अमेरिकेतल्या ओक रिज लॅबने फॉस्फोनियमवाल्या (फॉस्फरस असलेल्या) आयनिक लिक्विडांवर बरंच काम केलंय, ती ऑईलमध्ये विरघळतात आणि काही तर झेडडीडीपीच्या जोडीने आणखी चांगली चालतात. जुनी बरीचशी विरघळतच नव्हती, वर काही फ्लोरिनवाली पाणी लागलं की आम्ल सोडून धातू खातात, आणि आपल्याकडे समुद्रात पाण्याचाच धोका मोठा.

रत्नागिरीच्या मिरकरवाडा बंदरात एका ट्रॉलरचा लायनर उतरवला तेव्हा वर नख अडकेल एवढी कड झालेली, डिपस्टिकवर ऑईल ताकासारखं पांढुरकं, म्हणजे ऑईलमध्ये पाणी शिरलेलं. तिथे कुठलंच ॲडिटिव्ह उपयोगाचं नाही हो, आधी ऑईल कूलर आणि हेड गॅस्केट बघून घ्या, मग इंजिनच्या पुस्तकात दिलेल्या ग्रेडचं ऑईल भरा आणि वेळेवर बदला.