आईची पर्स लॉकरमध्ये टाका, आईला वर न्या

तुम्ही विचारलंय की आई-बाबांना घेऊन लास वेगासला चाललोय, न्यूयॉर्क-न्यूयॉर्क हॉटेलातली रोलर कोस्टर पैसे घालण्यासारखी आहे का, की त्यापेक्षा स्ट्रॅट हॉटेलाच्या टॉवरवर जावं? आणि शेवटी जाता जाता एक ओळ टाकलीय, 'आई काही बसणार नाही, ती खाली सामान सांभाळेल.' रोलर कोस्टरबद्दल तुम्हाला दहा जण सांगतील. मी लिहायला बसले ती त्या शेवटच्या ओळीसाठी.

बसणार नाही हे आई स्वतः म्हणाली, की घरात तसं ठरूनच गेलंय? आमच्या घरात ते १९८५ साली ठरलं. मी आणि आमचे हे एस.टी.नं रत्नागिरीला निघालो होतो. आंबा घाटात मला मळमळलं, साखरप्याला उतरून उलटी झाली. थोरला तेव्हा पोटात होता, चौथा महिना. चौथ्या महिन्यात घाटात कुणालाही मळमळेल. पण घरी आल्यावर यांनी सासूबाईंना सांगितलं, "हिला प्रवास सोसत नाही." झालं. तेव्हापासून जत्रेतला पाळणा असो, महाबळेश्वरचा घोडा असो, की गणपतीपुळ्याची होडी असो, "तिला झेपत नाही" हे वाक्य माझ्या आधी तिथे पोचलेलं असायचं. त्यानंतर मी त्याच आंबा घाटातनं किती वेळा गेले असेन, एकदाही काही झालं नाही. ते कुणाच्या लक्षात राहिलं नाही.

१९९४ च्या मे महिन्यात मुलांना घेऊन आम्ही मुंबईला दिरांकडे गेलो. मिरजेहून महालक्ष्मी एक्सप्रेस, बोरिवलीला मुक्काम, दुसऱ्या दिवशी गोराईच्या खाडीतून लाँचनं एस्सेलवर्ल्ड. तिकीट माझंही पूर्ण काढलं होतं. आत गेल्यावर मुलं पळाली, त्यांच्या मागे हे आणि दीर. रांगेपाशी यांनी खांद्यावरची बॅग माझ्या खांद्यावर दिली आणि म्हणाले, "तू इथं सावलीत बस, आम्ही आलोच." त्या बॅगेत पुरी-भाजीचा डबा, मुलांचे कोरडे कपडे, पाण्याची बाटली. अकरा वाजता बसले, पाच वाजता उठले. मधे मधे मुलं धावत यायची, पाणी प्यायची, ओले टॉवेल माझ्या मांडीवर टाकून परत जायची. डोक्यावरून गाडी खडखडत गेली की मी वर बघायची. मला बसायचं होतं. एकदा बोललेही, "एक फेरी मी करून येऊ का?" हे म्हणाले, "आणि सामान?"

त्या 'आणि सामान'ला मला २९ वर्षं उत्तर सुचलं नाही. मी पोस्टात काउंटरला होते, रोज लोकांची रजिस्टर्ड पत्रं, मनीऑर्डरी, पेन्शन सांभाळायची. सांभाळणं हा माझा धर्मच आहे असं मलाही वाटायला लागलं होतं.

आता वेगासचं सांगते. २०२३ च्या मे महिन्यात आम्ही थोरल्याकडे कॅलिफोर्नियात अर्व्हाइनला गेलो होतो. त्यानं गाडीनं वेगासला नेलं. वाटेतल्या बार्स्टो गावानंतर नुसतं वाळवंट, गाडीत धपाटे आणि शेंगदाण्याची चटणी. मी तेव्हा ६४ वर्षांची. संध्याकाळी त्या न्यूयॉर्क-न्यूयॉर्क हॉटेलासमोरच्या ब्रुकलिन ब्रिजच्या छोट्या प्रतिकृतीवर उभे राहिलो. मागे क्रायस्लर, एम्पायर स्टेट असे न्यूयॉर्कचे सगळे मनोरे चिकटून बांधलेले, कोपऱ्यात स्वातंत्र्यदेवीचा पुतळा, आणि या सगळ्यातून वेटोळी घेत गेलेले रूळ. सून फोटो काढत होती.

त्या पुतळ्याचं मला कोण कौतुक! कारण पोस्टातल्या माणसाला त्याची गोष्ट सांगितल्याशिवाय राहवत नाही. अमेरिकेच्या पोस्टानं २०१० च्या डिसेंबरात स्वातंत्र्यदेवीचं तिकीट काढलं आणि फोटो न्यूयॉर्कच्या पुतळ्याचा समजून चुकून या वेगासच्या पुतळ्याचा छापला! छपाई अब्जांत गेली. २०११ साली एका तिकीटसंग्राहकाच्या ते लक्षात आलं. हा पुतळा घडवणारे रॉबर्ट डेव्हिडसन यांनी दावा लावला. आपण देवीचा चेहरा जास्त कोवळा, बायकी केलाय, सासूबाईंचा फोटो समोर होता, असं त्यांनी कोर्टात सांगितलं. २०१८ साली कोर्टानं त्यांना जवळपास ३५ लाख डॉलर द्यायला लावले. नक्कल म्हणून आपण ज्याच्याकडे बघतो, त्यातही कुणाचा तरी हात आणि कुणाचा तरी चेहरा असतो. मी ते तिकीट आमच्या शाखेतल्या संग्राहकांकडे पाहिलं होतं. प्रत्यक्ष तोच चेहरा समोर बघून मला भरून आलं.

तर रोलर कोस्टर. आत कॅसिनो ओलांडून वरच्या मजल्यावर खेळांचा मोठा हॉल आहे, तिथून रांग लागते. रांगेपाशी पाटी : मोबाइल, पर्स, टोपी, खिशातलं सुटं काहीही वर न्यायचं नाही, लॉकरमध्ये ठेवायचं. मी सवयीनं बाकडं शोधायला लागले. सुनेनं माझ्या दंडाला धरलं, म्हणाली, "आई, लॉकर आहे ना. पर्स टाका आत आणि चला."

मी तिथेच थांबले. माझी तपकिरी रेक्झिनची पर्स, तिची चेन बिघडलेली म्हणून वर सेफ्टी पिन लावलेली. आत आमचे पासपोर्ट, यांच्या बीपीच्या गोळ्या, आल्याच्या वड्या. हे लगेच म्हणाले, "अगं, पासपोर्ट आहेत त्यात. कुणीतरी बाहेर थांबायला नको का?"

मी म्हटलं, "मग तुम्ही थांबा."

मोठ्यानं नाही म्हटलं. पण म्हटलं, आणि पर्स त्यांच्या हातात दिली. थोरला काही बोलला नाही, तो जाऊन तीन तिकिटं घेऊन आला. पर्स गेल्यावर रांगेत माझ्या हातांचं काय करावं तेच मला कळेना. कधी पदर नीट करायला जायची, पदर नव्हताच, पंजाबी ड्रेस होता आणि ओढणी लॉकरमध्ये. शेवटी दोन्ही हात कठड्यावर ठेवले.

गाडी न्यूयॉर्कच्या पिवळ्या टॅक्सीसारखी केलेली आहे. एका खेपेला सोळा माणसं, दोन-दोनच्या ओळी. बार अंगावर आला, कर्मचाऱ्यानं ओढून बघितला, आणि गाडी साखळीवर चढायला लागली. ती चढण सगळ्यात लांब वाटते. टक टक टक टक, पाठ मागे टेकलेली, समोर फक्त आभाळ. मग बाजूला बघितलं तर रस्त्यापलीकडे एमजीएम ग्रँड हॉटेलाची हिरवी इमारत, तिच्यामागे विमानतळावर उतरणारं विमान, आणि त्याच्याही मागे उघडेबोडके तांबूस डोंगर. खाली रस्त्यावर दिवे लागत होते. त्या क्षणी मला घाट आठवला नाही की उलटी आठवली नाही. मला आठवलं, 'आणि सामान?'

हे अजून मिरजेत सगळ्यांना सांगतात की ती काही फार मोठी नव्हती, हॉटेलातली तर होती, पोरांसाठी असते. म्हणून आकडे लिहून ठेवते, हे वाचतीलच. उंची २०३ फूट, म्हणजे वीसेक मजले. पहिला उतार ७५ फुटांचा, तो नुसता चुणूक दाखवायला. त्यानंतरचा १४४ फुटांचा. वेग ताशी ६७ मैल, म्हणजे १०८ किलोमीटर. रूळ ४,७७७ फूट लांब, जवळजवळ दीड किलोमीटर. जपानच्या टोगो कंपनीनं बांधलेली, १९९७ च्या जानेवारीत हॉटेलाबरोबरच सुरू झाली, तेव्हा नाव मॅनहॅटन एक्सप्रेस होतं, आता बिग अ‍ॅपल कोस्टर. ५४ इंचांपेक्षा कमी उंचीच्या मुलांना बसूच देत नाहीत. पोरांसाठी असते म्हणे!

दुसऱ्या उताराला पोट जागेवर राहत नाही. मी ओरडले. आयुष्यात इतक्या मोठ्यानं मी कधी ओरडले नव्हते, बाळंतपणातसुद्धा नाही. मग एक पूर्ण गोल, डोकं खाली पाय वर, आणि लगेच ती जागा येते जिच्यासाठी ही गाडी नावाजलेली आहे. एरवी अशा गाड्या रुळाभोवती वळतात आणि आपण बाहेर फेकल्यासारखे होतो. इथे रूळच असे पिळलेत की वळण्याचा आस आपल्या काळजातून जातो. जातं जसं खुंट्याभोवती फिरतं तसं, आणि खुंटा म्हणजे आपण. तुम्ही अर्धे फिरून उलटे होता, क्षणभर तसेच लटकता आणि तिथूनच गाडी खाली सूर मारते. लढाऊ विमानाच्या कोलांटीसारखं म्हणतात. विमानाचं माहीत नाही, पण त्या क्षणी अंगाला वजनच उरलं नव्हतं. त्यानंतर उंचवटे, वळसे, आणि शेवटी गरगर फिरवून गाडी परत इमारतीत. सगळं मिळून तीन मिनिटांच्या आत.

बाहेर आले तर हे बाकड्यावर बसलेले. पर्स मांडीवर, दोन्ही हातांनी धरलेली, पट्टा मनगटाला दोन वेढे. मान वर करून, डोक्यावरून गाडी जाते का ते बघत होते. आत छत आहे, तिथून काही दिसत नाही. मला बघून म्हणाले, "किती वेळ लावलात!"

रांग धरून पस्तीस मिनिटं झाली होती. मी घड्याळ बघितलं होतं.

भांडले नाही. पर्स घेतली, पिन उघडली, त्यांना गोळी दिली, वेळ झाली होती. पण रात्री जेवताना विचारलं, "तुम्ही का नाही आलात?" तेव्हा म्हणाले, "मला आता झेपत नाही." मला हे त्यांना टोचायला लिहायचं नाही. ते एवढंच वाक्य स्वतःबद्दल बोलू शकले, आणि ते स्वतः बोलले. माझ्या वतीनं मात्र चाळीस वर्षं दुसरेच बोलत होते. माझं भांडण तेवढंच आहे.

तुमच्या प्रश्नाकडे येते. तिकीट आता वीस डॉलरच्या वर आहे, तीन मिनिटांसाठी महागच. एकदाच बसायचं असेल तर माझ्या मते वसूल, पण संध्याकाळी दिवे लागताना बसा, दुपारच्या उन्हात नको. वारा सुटला की बंद ठेवतात, तेव्हा शेवटच्या दिवसावर ढकलू नका. स्ट्रॅटचा टॉवर ११४९ फूट, तिथली मजा उंचीची. तिथे वर एक रोलर कोस्टर होती ती २००५ मध्येच बंद झाली, तेव्हा रूळ, उतार आणि वेग हवा असेल तर तिकडे जाऊन उपयोग नाही.

आईला "तू बसतेस का गं?" असं विचारू नका. त्याला ती नाहीच म्हणणार, आम्ही सगळ्या नाहीच म्हणतो. तिच्या हातातलं सामान आधी घ्या, लॉकरमध्ये टाका, चावी स्वतःकडे ठेवा, मग विचारा. रिकाम्या हातांनी दिलेलं उत्तर खरं असतं. तेव्हाही नको म्हणाली तर आग्रह करू नका, आणि मग तुमच्यातलं कुणीतरी तिच्याशेजारी बसा. बाबांनाही विचारा. त्यांनाही खरं तर बसायचं नसेल आणि बोलता येत नसेल.

आणि हे आधी लिहायला हवं होतं : ही गाडी अंगाला हादरे देते, मऊ नाही. माझी मान दोन दिवस धरली होती. मानेचा किंवा कमरेचा मणक्याचा त्रास, हृदयाचं दुखणं, आटोक्यात नसलेलं बीपी, डोळ्याचं नुकतंच झालेलं ऑपरेशन, यातलं काही असेल तर निघण्यापूर्वी डॉक्टरांना विचारा आणि ते नको म्हणाले तर नकोच. त्यात कसला मोठेपणा नाही. मी निघण्यापूर्वी मिरजेला तपासून घेतलं होतं.

ओढणी, कानातले झुबे, सुट्ट्या चपला नकोत. मंगळसूत्र ड्रेसच्या आत घालायचं. लॉकरच्या नंबराचा मोबाइलवर फोटो काढाल तर मोबाइलही आतच राहील, मी तळहातावर बॉलपेननं लिहिला होता.