१९६८ ची पॉन्टिॲक जीटीओ: किती पैसे द्यावेत आणि काम कुठून सुरू करावं?

तुम्ही विचारलंय की मिशिगनमध्ये तुमच्या शेजारच्या आजोबांच्या गॅरेजात १९६८ ची पॉन्टिॲक जीटीओ वीसेक वर्षं न हलता उभी आहे, ते ती विकायला तयार आहेत, तर किंमत कशी ठरवायची आणि गाडी पुन्हा रस्त्यावर आणायला काय करावं लागेल. इंजिन चालू होतं का, याची चिंता तुम्हाला सगळ्यात जास्त वाटतेय. ती शेवटी करा. इंजिनाच्या कामाचा अंदाज मशीन शॉपवाला दोन दिवसांत लेखी देतो. गंजाचा अंदाज पत्रा कापल्याशिवाय कुणालाच देता येत नाही. त्यामुळे या गाडीची किंमत आधी कागदांवर ठरते, मग पत्र्यावर.

गाडी खरंच जीटीओ आहे का, हे आधी बघा. लेमान्स या पॉन्टिॲकच्याच साध्या गाडीवर जीटीओची चिन्हं लावून विकलेल्या गाड्या कमी नाहीत. १९६४ आणि ६५ साली जीटीओ हे लेमान्सवरचं ऑप्शन पॅकेज होतं, त्यामुळे त्या गाड्या व्हिन नंबरवरून, म्हणजे गाडीच्या ओळख क्रमांकावरून, ओळखता येत नाहीत. १९६६ पासून मात्र जीटीओला स्वतःचा आकडा मिळाला. तुमच्या गाडीचा व्हिन ड्रायव्हरच्या बाजूला डॅशबोर्डवर, काचेतून दिसेल असा आहे. तो २४२ ने सुरू झाला तर जीटीओ, २३७ ने झाला तर लेमान्स. पुढचे दोन आकडे ३७ म्हणजे हार्डटॉप (पत्र्याच्या पक्क्या टपाची), ६७ म्हणजे कन्व्हर्टिबल. त्यानंतरचा ८ हे साल आणि मग कारखान्याचं अक्षर. हाच नंबर टायटलवर, म्हणजे मालकीच्या कागदावर, अक्षरशः तसाच हवा. एक आकडा जरी चुकला असेल तर आजोबांकडून आधी तो दुरुस्त करून घ्या, पैसे नंतर द्या.

मग पॉन्टिॲक हिस्टॉरिक सर्व्हिसेसकडून, म्हणजे पीएचएसकडून, या गाडीच्या मूळ बिलिंगची प्रत मागवा. थोडी फी पडते, पण गाडी कारखान्यातून कोणत्या इंजिनानिशी, गिअरबॉक्सनिशी आणि ऑप्शननिशी निघाली ते त्यात असतं. फायरवॉलवरच्या (इंजिन आणि केबिनमधल्या भिंतीवरच्या) पट्टीवर रंग आणि सीटचा कोड मिळतो, इंजिन मिळत नाही. त्या पट्टीवर विसंबून ‘ही रॅम एअर (जास्त ताकदीच्या इंजिनाची महागडी आवृत्ती) आहे’ असं कुणी म्हणालं तर मानू नका.

आता इंजिनावरचे आकडे. ब्लॉकच्या समोर, प्रवाशाच्या बाजूच्या हेडखाली दोन अक्षरी कोड ठोकलेला असतो. डब्ल्यूटी असेल तर ४०० घन इंचाचं, ३५० हॉर्सपॉवरचं मॅन्युअल गिअरचं इंजिन, वायएस असेल तर तेच ऑटोमॅटिकचं. १९६८ पासून गाडीच्या व्हिनचा काही भागही ब्लॉकवर, टायमिंग कव्हरच्या शेजारी ठोकलेला सापडतो. तो जुळला तर इंजिन मूळचं, आणि किमतीत त्याचा मोठा वाटा असतो. तेल आणि काजळीखाली तो दडलेला असेल, तर डिग्रीझर आणि नायलॉनच्या ब्रशनं साफ करा. तारेचा ब्रश किंवा पॉलिश पेपर तिथे अजिबात लावू नका. ठोकलेले आकडे पुसट झाले की पुढचा गिऱ्हाईक खाडाखोडीचा संशय घेणारच.

पत्रा तपासायला टॉर्च, चुंबक, स्क्रू ड्रायव्हर आणि जमलं तर रंगाची जाडी मोजायचं मीटर घ्या. कंपनीचा रंग साधारण १०० ते १५० मायक्रॉन भरतो. हजाराच्या वर आकडा गेला तर खाली लांबी (पुट्टी) भरलेली आहे. मागच्या काचेच्या खालची कड सगळ्यात आधी बघा. क्रोम पट्टीच्या क्लिपांपाशी पाणी साचतं, पत्रा सडतो आणि तेच पाणी डिकीत उतरतं. टपावर व्हिनाइल असेल तर जास्तच. डिकीची चटई उचला, स्पेअर चाकाखाली आणि दोन्ही बाजूंच्या खोल कप्प्यांत हात घाला. मग मागच्या मडगार्डांचा चाकामागचा खालचा भाग, पुढच्या मडगार्डांची खालची टोकं, पायाखालचा तळ. शेवटी चॅसी. मिशिगनच्या रस्त्यांवर हिवाळ्यात मीठ टाकतात, ते चिखलासकट चॅसीच्या पोकळ भागात जाऊन बसतं. मागच्या चाकाच्या पुढे-मागे हातोडीनं ठोका. खणखणीत आवाज हवा. बद्द आवाज आला किंवा स्क्रू ड्रायव्हर आत गेला, तर भाव एकदम खाली आणा. मडगार्ड नवीन मिळतात, डिकीचा तळ नवीन मिळतो, चॅसीचं काम मात्र गाडी पूर्ण उघडल्याशिवाय नीट होत नाही.

भाव काढताना विक्रीच्या जाहिरातीतले आकडे धरू नका, ती फक्त मागणी असते. मेकम, बॅरेट-जॅक्सन आणि ब्रिंग अ ट्रेलर या लिलावांत गाडी प्रत्यक्षात कितीला गेली तेच बघा आणि गिअरबॉक्स, इंजिन, बॉडी जुळणाऱ्याच गाड्या धरा. जुन्या गाड्यांचे भाव देणाऱ्या हॅगर्टी कंपनीच्या पद्धतीत १ ते ४ असे दर्जे असतात: १ म्हणजे प्रदर्शनातली गाडी, ३ म्हणजे नीट चालणारी, जवळून पाहिल्यावर उणिवा दिसणारी. तुमची गाडी कामानंतर ३ वर पोचेल असं धरा, २ वर नाही. त्या भावातून पत्रा-रंग, इंजिन, ब्रेक, वायरिंग आणि सीटचा खर्च वजा करा, वर खर्चाच्या किमान २० टक्के अनपेक्षित कामांसाठी काढा. उरेल तो तुमचा वरचा आकडा. बऱ्याचदा तो शून्याच्या खाली जातो, कारण पूर्ण चॅसीपर्यंतचं काम हजार तासांच्या पुढे सहज जातं. १९६८ ला ८७,६८४ जीटीओ बनल्या, साधी हार्डटॉप दुर्मिळ नाही. पत्रा सडलेला असेल तर दुसरी, कोरडी गाडी शोधणं स्वस्त पडतं.

घेतलीच, तर किल्ली फिरवू नका. जुनं पेट्रोल काढा, प्लग काढून प्रत्येक सिलिंडरमध्ये दोन-तीन चमचे पातळ तेल सोडा, दोन दिवस थांबा आणि क्रँकचा बोल्ट लांब पान्यानं हातानं फिरवा. अडकलं तर जोर करू नका. हातानं मोकळं फिरलं, तरीही आधी टायमिंग कव्हर उघडा. या इंजिनांत कॅमच्या चाकाला नायलॉनचे दात असतात. ते वयानं ठिसूळ होतात, तुटून चेंबरमध्ये (इंजिनाखालच्या तेलाच्या भांड्यात) पडतात आणि ऑइल पंपाची जाळी तुंबवतात. मग बेअरिंगं जातात. पूर्ण धातूचा सेट बसवा आणि चेंबर काढून जाळी साफ करा, त्यासाठी इंजिन थोडं उचलावं लागतं. कव्हर ॲल्युमिनियमचं असतं. कूलंटमुळे त्याला आतून खड्डे पडले असतील तर बदलाच, नाहीतर पाणी तेलात मिसळेल. बसवल्यावर डिस्ट्रिब्युटर काढून प्रायमिंग टूलनं ऑइल पंप घड्याळाच्या उलट दिशेनं फिरवा. रॉकरवर तेल आलं की मगच स्टार्टर.

कॉम्प्रेशन कागदावर १०.७५:१ आहे. आजच्या ९१–९३ ऑक्टेनवर ताण आला की ठोके (नॉकिंग) येतील. इंजिन उघडणारच असाल तर डिश (वर खोलगट असलेले) पिस्टन घालून ते ९.५ च्या आत आणा. नवा फ्लॅट टॅपेट कॅम (ज्यावर टॅपेट रोलरशिवाय थेट घासत चालतो) घातला तर जस्त जास्त असलेलं तेल लागतं आणि पहिली २०–३० मिनिटं इंजिन २,००० ते २,५०० आरपीएमवर ठेवावं लागतं. आयडलवर सोडलंत तर लोब (कॅमचे उंचवटे) घासून सपाट होतात. इथेनॉलमुळे जुने रबरी पाइप आणि कार्बोरेटरचा ॲक्सिलरेटर पंप विरघळतात, तेही बदला.

ब्रेकचं सगळं रबर आणि चारही चाकांचे सिलिंडर नवीन घाला. जुन्या लायनरमध्ये ॲस्बेस्टॉस असू शकतं, म्हणून ड्रम हवेनं उडवू नका, ओल्यानं पुसा.

पुढचा बंपर बहुधा एन्ड्युराचा, म्हणजे लवचीक थराचा असेल. त्यावर साधी लांबी टिकत नाही, काही महिन्यांत तडकते. लवचीक प्लॅस्टिकसाठीचंच फिलर आणि रंगात फ्लेक्स ॲडिटिव्ह लागतं. रंगवाल्याला हे आधीच सांगून ठेवा. आणि आयसोसायनेटवाला टू-के (हार्डनर मिसळून मारायचा) रंग घरच्या गॅरेजात साध्या मास्कवर मारू नका, बाहेरून हवा देणारा मास्क हवा.

इंजिनावरचा दोन अक्षरी कोड आणि मागच्या काचेच्या कडेचा फोटो इथे टाका. त्या दोन गोष्टींवरून घ्यावी की सोडावी, हे बरंचसं नेमकं सांगता येईल.