तारूत की तारवात?

प्रश्न असा आलाय की कास्तिल्योने या इटालियन चित्रकाराच्या एका एचिंगखाली (अॅसिड वापरून केलेल्या छापचित्राखाली) मराठीत एक ओळ टाकायचीय, तर 'नोहाच्या तारूत शिरणारे प्राणी' लिहायचं की 'तारवात'? (तारू म्हणजे जहाज, बायबलमधल्या महापुरात नोहाने प्राणी वाचवले ते.)

तारवात. बिनधास्त लिहा, मराठी बायबलमध्येही नोहा तारवातच जातो.

गोंधळ होतो कारण 'तारूत' कानाला खटकत नाही, वाळूत, दारूत आपण रोज म्हणतोच की, पण ते शब्द स्त्रीलिंगी आहेत आणि तारू नपुंसकलिंगी, ते तारू. बरं, मग कोकरू, वासरू, पाखरू हेही नपुंसकलिंगीच, त्यांचं कोकराला, वासराला होतं, मग 'तारात' का नाही? इथे मी अनेकवचन करून बघतो. कोकरू-कोकरं, म्हणून कोकराला. तारू-तारवं, म्हणून तारवात. गळू-गळवं-गळवावर, आसू-आसवं-आसवांनी, तोच व. आणि हे 'तारवं' काही पुस्तकी नाही, सभासदाच्या बखरीत शिवाजी महाराजांच्या आरमारात गलबतं, शिबाडं यांच्या जोडीला तारवंही आहेत. किती देखणा शब्द आहे, वापरत राहायला हवा!

अजून एक, इंग्रजीत नोहाची ती 'आर्क' आणि दहा आज्ञांच्या पाट्या ठेवलेली पेटी तीही 'आर्क'. मराठी बायबलमध्ये पहिलं तारू आणि दुसरा कोश. मूळ हिब्रूतही हे दोन वेगळे शब्द आहेत, त्यामुळे इंग्रजीवरून भाषांतर करताना जपून.

आणि ओळीत 'कोरीव चित्र' कृपया लिहू नका. कास्तिल्योने (१६०९-१६६४) जेनोव्हाचा, बंदराच्या गावचा माणूस, जनावरं काढण्यात एकदम पटाईत. एचिंगमध्ये तांब्याच्या पत्र्यावर मेणासारखा थर देतात, त्यावर सुईने नुसतं ओरखडायचं, पत्रा खायचं काम अॅसिड करतं. हाताला जोर लावावा लागत नाही म्हणून तर त्याच्या मेंढ्यांची लोकर अशी बोरूने भराभर गिरवल्यासारखी, बारीक बारीक वळणांची दिसते, छिन्नीसारख्या हत्याराने तांबं कोरून ती तशी मोकळी येत नाही. 'अम्लरेखन' हा शब्द आहे, अर्थाला चोख आहे, पण चटकन कळायला 'एचिंग'च ठेवा.

म्हणजे ओळ अशी: 'नोहाच्या तारवात शिरणारे प्राणी, एचिंग, जोव्हान्नी बेनेदेत्तो कास्तिल्योने.'